मध्ये फक्त तेल!

थांबा, आधी हे ऐका! अमेरिकेतल्या ड्रॅग रेसमध्ये, पाव मैलाच्या त्या सरळ पट्टीवर, म्हणजे जेमतेम ४०२ मीटर, जीव खाऊन पळणाऱ्या कितीतरी गाड्या ऑटोमॅटिक असतात. क्लचचं पेडलच नाही! सुटताना इंजिनाची सगळी ताकद गिअरबॉक्सकडे जाते ती तेलातून! नुसत्या तेलातून! मी मेकॅनिक नाही, इंजिनिअर तर नाहीच, पण टॉर्क कन्व्हर्टर कसा चालतो हे कळल्यापासून एका जागी बसवत नाहीये. तुम्हीही चला!

आत पात्यांची तीन चक्रं. इंजिनाला जोडलेला पंप तेल कडेला भिरकावतो, ते समोरच्या टर्बाइनच्या पात्यांवर आदळतं, टर्बाइन फिरते, आणि मग परत येणारं तेल उलट्या दिशेला वळलेलं असतं, पंपालाच अडवणार, तेवढ्यात मधला छोटा स्टेटर त्याला वळवून पंपाच्याच दिशेनं सोडतो, परत आलेल्या झोक्याला मागून ढकलावं तसं! सुटण्याच्या क्षणी गिअरबॉक्सला इंजिनाच्या जवळजवळ दुप्पट टॉर्क! दुप्पट! आणि मग वेग आला की तोच स्टेटर आपोआप मोकळा फिरायला लागतो. कुणी बटणसुद्धा दाबत नाही! मूळ टॉर्क कन्व्हर्टर सुचला हेर्मान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरला, १९०५ साली, आणि तेही जहाजांसाठी! जहाजांसाठी!

आता स्टॉल. टर्बाइन अडवून धरायची, पूर्ण थ्रॉटल द्यायचा, इंजिन ज्या आरपीएमवर जाऊन अडतं तो स्टॉल स्पीड. रोजच्या गाडीत दोन हजारांच्या आसपास, रेसच्या गाडीत पाच हजारांच्याही वर! कारण रेसच्या इंजिनाची ताकद वरच असते, मग सुटतानाच तिथे पोचलेलं बरं. आणि हे जमतं कशानं? व्यासानं! पात्यांची ठेवण तीच ठेवली तर टॉर्क पेलायची क्षमता व्यासाच्या पाचव्या घातानं बदलते. पाचव्या! १० इंचांचा कन्व्हर्टर ८ इंचांचा केला की ती एक तृतीयांशावर येते आणि त्याच इंजिनावर स्टॉल पावणेदोन पट होतो. दोन इंचांत!

पण स्टॉल हा एकट्या कन्व्हर्टरचा नसतोच! तोच कन्व्हर्टर दणकट इंजिनामागे लावा, आकडा वर जातो. म्हणून घेताना बनवणाऱ्याला सगळं खरंखरं सांगायचं: गाडीचं वजन, टॉर्कचा आलेख, मागच्या ॲक्सलचा रेशो, टायरची उंची. टॉर्क फुगवून सांगितला तर तो घट्ट कन्व्हर्टर देणार, स्टॉल खाली येणार आणि गाडी सुटतानाच दबणार! उलट फार सैल घेतला तर शेवटच्या रेषेपर्यंत घसरत राहणार आणि वेग व्हायचा त्याची उष्णता होणार.

आणि ट्रान्सब्रेक! बटण दाबलं की पहिला आणि रिव्हर्स गिअर एकदम लागतात, गाडी जागच्या जागी जखडते, इंजिन किंचाळतंय, त्याची सगळीच्या सगळी ताकद तेल तापवतेय, म्हणून हे थोडेच सेकंद, आणि मग पिवळे दिवे, आणि मग बटण सोडायचं, आणि मग पुढची चाकं हवेत! दोनच गिअरचा पॉवरग्लाइड असेल तर पहिला १.७६ चा; सात हजारांवर गिअर बदलला की सरळ जोडणीत आरपीएम चार हजारांवर कोसळला असता, पण कन्व्हर्टर घसरतो, हवा तेवढा घसरतो, आणि इंजिन ताकदीतच राहतं! १९५० साली शेवरलेच्या घरगुती गाड्यांसाठी आलेला गिअरबॉक्स हा!

आता कापून उघडलेला एखादा कन्व्हर्टर डोळ्यांनी बघायचाय. कुणाच्या गॅरेजमध्ये असेल? चला ना, शोधूया!