डोंबिवली ते कवळे: प्रवासाचा पूर्ण हिशेब

कवळ्याची शांतादुर्गा आमची कुलदेवी. बाबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, पंचाहत्तरी झाली आणि देवीची ओटी भरून यायचं ठरलं. एरवी आम्ही कोकणकन्येने रात्रीत मडगाव गाठायचो. पण गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर बाबांना बर्थवर चढणं-उतरणं नको झालं होतं, म्हणून विमानाने जायचं ठरवलं. सासूसासरे, आम्ही दोघं आणि नणंद अशी पाच माणसं. तिकिटं आणि गाडी बघायचं काम माझ्याकडे आलं. ते मी मन लावून केलं, कारण खर्च आवाक्यात राहिला तरच दोघांना असं पुन्हा पुन्हा नेता येणार होतं.

सासूबाईंच्या मनात शुक्रवार होता. शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार संध्याकाळ म्हणजे मुंबईकरांच्या गोवावारीची वेळ, तेव्हा भाडं सगळ्यात चढं. मी विचारलं, "आई, श्रावणातला मंगळवार चालेल का?" त्या म्हणाल्या, "मंगळवारही देवीचाच गं." सोमवारी जाऊन गुरुवारी परतायचं ठरलं. पावसाळ्यात गोव्यात पर्यटक कमी असतात, त्यामुळे विमान, खोली, गाडी सगळ्याचेच दर उतरलेले असतात. फक्त पंधरा ऑगस्टला जोडून येणाऱ्या सुट्ट्या मी टाळल्या.

तिकीट शोधताना एक गोष्ट फार उपयोगी पडली. एकाच विमानातल्या सारख्याच जागा कंपनी वेगवेगळ्या दरांच्या टप्प्यांत विकते. स्वस्त टप्प्यात थोड्याच जागा असतात, त्या संपल्या की पुढचा दर लागतो. पाच तिकिटं एकदम मागितली आणि स्वस्त टप्प्यात तीनच जागा उरल्या असतील, तर बहुतेक वेळा पाचही जणांना वरचा दर दिसतो. म्हणून मी आधी एकाचा, मग दोघांचा, मग तिघांचा दर पाहिला. चौथ्या माणसाला आकडा वर गेला. तीन तिकिटं एका बुकिंगमध्ये काढली आणि दोन दुसऱ्यात. सासूसासऱ्यांसोबत एकाच बुकिंगमध्ये मी राहिले, म्हणजे विमानाची वेळ बदलली तरी ते एकटे पडणार नाहीत.

खरा प्रश्न होता उतरायचं कुठे. 2023 च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून गोव्याला दोन विमानतळ आहेत: दक्षिणेत नौदलाच्या तळावरचं जुनं दाबोळी आणि उत्तरेत पेडणे तालुक्यातलं मोपा. आमच्या तारखांना मोपाचं तिकीट स्वस्त होतं. पण कवळे फोंडा तालुक्यात. दाबोळीहून वेर्णा, लोटलीवरून बोरीचा पूल ओलांडला की फोंडा आलंच. मोपाहून म्हापसा, पणजी, बाणस्तारी असा बराच लांबचा रस्ता. तिकिटात वाचलेले पैसे पेट्रोलमध्ये गेले असते आणि बाबांचा गुडघा जादा तासभर दुमडलेला राहिला असता. पहाटेच्या विमानाचंही तसंच. भाडं कमी, पण त्यासाठी डोंबिवलीहून रात्री दोनला टॅक्सी करायची, म्हाताऱ्या माणसांची झोपमोड करायची. मी वहीत दोन रकाने केले, दारातून निघून देवळाच्या पायरीपर्यंतचा सगळा खर्च मांडला, आणि दुपारचं दाबोळीचं विमान घेतलं.

परतीला मात्र मोपा निवडलं. सासूबाईंची बहीण सावंतवाडीला असते आणि मोपा बांद्यापासून अगदी जवळ. देशांतर्गत प्रवासात जायचं आणि यायचं तिकीट वेगवेगळं काढलं तरी सहसा जास्त पैसे पडत नाहीत, त्यामुळे हे जमलं. मावशी आणि तिचा मुलगा विमानतळावर भेटायला आले. दोघी बहिणींच्या तासभर गप्पा झाल्या.

मंगेशी, म्हार्दोळ, रामनाथी, कवळे ही देवळं जवळजवळ असली तरी प्रत्येक ठिकाणी टॅक्सी करणं महागात जातं. म्हणून स्वतः चालवायची गाडी भाड्याने घेतली. गोव्यात अशा गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. एकाने पांढऱ्या पाटीची, खाजगी गाडी बऱ्याच कमी दरात देऊ केली. आम्ही ती नाकारली. खाजगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. घरची माणसं बसणार असताना तो धोका कोण पत्करेल?

गाडी आणून देणारा मुलगा समजूतदार होता. "ताई, व्हिडिओ काढून घ्या, मागीर वाद नको," म्हणाला. पावसाची भुरभुर चालू होती. मी ओढणीने मागचा बंपर पुसला, तेव्हा डावीकडचा बोटभर ओरखडा दिसला. तो, चारी टायर, डिकीतली स्टेपनी, काचा आणि चावी फिरवून पेट्रोलचा काटा, सगळं त्याच्यासमोरच मोबाइलमध्ये घेतलं. अनामत किती, ती कधी परत मिळणार, किलोमीटरला मर्यादा आहे का आणि गाडी मोपाला सोडायचे वेगळे किती, हे आधीच संदेशात लिहून घेतलं होतं. गुरुवारी मोपाला गाडी दिली, त्याने काटा पाहिला आणि अनामत तिथल्या तिथे परत केली.

नणंदेची रजा ऐनवेळी नामंजूर झाली. तिकीट सवलतीतलं, मूळ भाडं परत न मिळणारं. बुकिंगच्या संकेतस्थळावर परतावा शून्य दिसत होता. पण नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे की, तिकीट रद्द केलं किंवा वापरलंच नाही, तरी सरकारी कर आणि विमानतळाचं प्रवासी विकास शुल्क परत द्यायला हवं, मग तिकीट कितीही सवलतीचं असो. मी तो नियम लिहून पाठवला, पुन्हा पाठवला, तेव्हा पैसे आले. माझ्या ओळखीत कितीतरी जण परतावा नाही म्हणतात म्हणून हे पैसे सोडून देतात. ते आपले पैसे आहेत, मागायलाच हवेत.

घरातल्या थकलेल्या माणसांना घेऊन निघणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे: सगळ्यात कमी आकड्याचं तिकीट शोधण्याआधी आपल्यातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला काय झेपेल ते ठरवा, आणि मग त्या चौकटीत घासाघीस करा. आम्ही तसं केलं, म्हणून खर्चही आटोक्यात राहिला आणि परतल्यावर बाबांनी स्वतःहून पुढच्या श्रावणाचा विषय काढला.