आईची निमित्तं

आईनं उभ्या जन्मात स्वतःसाठी म्हणून काही केलं नाही, असं आमच्या घरात अजूनही कौतुकानं सांगितलं जातं. सांगणाऱ्यांचा भाव चांगलाच असतो, म्हणून मी मध्ये बोलत नाही. पण खरं सांगायचं तर आईनं स्वतःसाठी पुष्कळ काही केलं. फक्त त्यातलं एकही तिनं स्वतःच्या नावावर मांडलं नाही. प्रत्येक सुखाला तिनं एक निमित्त जोडून ठेवलेलं असे, आणि ते निमित्त इतकं कामाचं, इतकं सोज्ज्वळ असे की विचारणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं व्हावं.

लोणी कढवायचा दिवस घ्या. आठवडाभराची साय विरजून, घुसळून, लोण्याचा गोळा दोन-तीन पाण्यांनी धुऊन आई तो जाड बुडाच्या पातेल्यात टाकी. हे काम ती नेमकं दुपारी काढायची. आम्ही शाळेत, बाबा कचेरीत, आजी जेवून आडवी झालेली. "सकाळी शेगडी मोकळी कुठं असते?" हे त्याचं अधिकृत कारण. लोणी आधी तडतडतं, मग फेस वर येतो, मग आवाज हळूहळू खाली बसतो आणि खालचं तूप स्वच्छ दिसू लागतं. त्यात विड्याचं पान टाकायचं. पान चुरचुरत आकसलं, कुरकुरीत झालं की आच बंद. तूप गाळून बरणीत गेलं की पातेल्याच्या बुडाशी उरते ती बेरी. बदामी रंगाची, जराशी करपट, जराशी आंबूस. आई त्यात चमचाभर साखर घाली, उलथन्यानं खरवडून सारखी करी आणि पातेलं मांडीवर घेऊन ओट्याला पाठ टेकून जमिनीवर बसे. पाय लांब पसरून. एरवी पाय पसरून बसलेली आई आम्ही कुणी पाहिलेली नाही.

एकदा शाळा लवकर सुटली आणि मी हे पाहिलं. आई दचकली नाही. "पातेलं घासायला जड जातं, म्हणून खरवडून घेतेय," म्हणाली आणि माझ्या तळहातावर थोडी बेरी ठेवली. ती लाच होती हे मला फार उशिरा कळलं. तळलेलं विड्याचं पान मात्र तिनं मला दिलं नाही. ते तिनं डोळे मिटून, एकटीनं, कुरकुर आवाज करत खाल्लं.

स्वयंपाकघरात अशी निमित्तं जागोजागी पेरलेली असत. नारळ खवताना करवंटीच्या कडेचा पातळ काप तोंडात जाई, कारण नारळ खवट नाही ना हे बघायला हवं. दाणे भाजले की मूठभर ओच्यात, कारण कच्चे राहिले तर कूट बिघडतं. चव बघणं हे तर सगळ्या निमित्तांचं माहेरघर. आईनं बघितलेल्या चवी एकत्र केल्या तर एक भरपेट जेवण झालं असतं.

पण जिभेचं सुख त्या मानानं सोपं. ते तोंड मिटलं की दिसत नाही. वाचनाचं तसं नाही. पुस्तक हातात धरावं लागतं आणि धरलेला हात रिकामा दिसतो. आम्ही सांगलीचे. किर्लोस्करवाडी आमच्याच जिल्ह्यातली. लोखंडी नांगर करणाऱ्या त्या कारखान्याच्या वसाहतीतून शंकरराव किर्लोस्करांनी 1920 साली 'किर्लोस्कर खबर', 1930 साली 'स्त्री' आणि 1934 साली 'मनोहर' अशी एकापाठोपाठ मासिकं काढली. आई वाचू लागली तोवर त्यांचा मुक्काम पुण्याला हलला होता, तरी आमच्याकडच्या बायकांना 'स्त्री' माहेरच्या माणसासारखी वाटे. वाचनालयातून आणलेला अंक आईच्या हातात दिसला की आजी पलंगावरूनच विचारी, "एवढं काय गं वाचतेस?" आईचं बोट तत्काळ विणकामाच्या नमुन्यावर. "लोकरीचा टाका बघतेय."

सांगलीत स्वेटर घालण्याजोगी थंडी किती दिवस पडते, हे आजीलाही ठाऊक होतं. तरीही आमच्या घरी एक पिवळा स्वेटर वर्षानुवर्षं विणला जात राहिला. ज्याच्यासाठी तो घेतला होता तो माझा भाऊ कॉलेजात गेला, मिशा आल्या, तरी स्वेटरची दुसरी बाही व्हायची होती. दरम्यान आईच्या कितीक कथा आणि कादंबऱ्या वाचून झाल्या.

ह्या बाबतीत आमच्या जिल्ह्याची परंपरा जुनी आहे. रमाबाई रानडे इथल्याच, देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांची लेक, जन्म 1862 चा. लग्न होऊन न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी गेल्या, नवऱ्यानं हौसेनं शिकवायला घेतलं आणि त्याबद्दल घरातल्या बायकांची बोलणी त्यांना खावी लागली. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' ह्या 1910 साली निघालेल्या पुस्तकात त्यांनी ते सगळं संयमानं लिहून ठेवलं आहे. ज्या घरात खुद्द न्यायमूर्ती पाठीशी उभे होते तिथं ही गत. आमच्या घरात कुणी टोमणा मारत नसे, फक्त प्रश्न विचारला जाई. पण प्रश्नाचं मूळ तेच होतं: बाई हातात काम नसताना बसलीच कशी?

म्हणून आई हातात काम घेऊनच बसे. सांगलीला आकाशवाणीचं केंद्र आलं 1963 साली. विविध भारती त्याआधीच, 1957 पासून, सुरू झालेली. दिवसा रेडिओ घराचा असे: बातम्या, बाजारभाव, आजीची भक्तिगीतं. रात्री अकराला 'बेला के फूल' लागलं की तो आईचा होई. त्या वेळेसाठी ती गवार राखून ठेवी. मेथी नाही, कारण मेथी भराभर निवडून होते. गवारीची एकेक शेंग घ्यायची, दोन्ही टोकं खुडायची, शीर ओढायची, मोडून ताटलीत टाकायची. तलतचं गाणं लागलं की शेंगेचा वेग मंदावे. आवाज इतका बारीक ठेवलेला की रेडिओला कान लावावा लागे, आणि आई खरोखरच लावे. बाबा कूस बदलून विचारीत, "झोपायचं नाही का?" "उद्याची भाजी एवढी होऊ दे." आमच्या घरात गवार आठवड्यातून किमान दोनदा होत असे आणि ती कुणालाच फारशी आवडत नसे.

काही निमित्तं तिला आयती मिळत. श्रावणाच्या तोंडावर कासार दारात येई. काकणं भरणं हे सौभाग्याचं काम, त्याला घरात कुणाची हरकत नाही. उलट आजीच हाक मारून त्याला बसवी. रंग ठरलेला, हिरवा. पण हिरव्यात किती हिरवे असतात ते आईला त्या अर्ध्या तासात पाहायला मिळे: पोपटी, शेवाळी, मोरपंखी छटेचा, सोनेरी टिकल्यांचा. ती एकेक जोड उजेडाकडं धरून बघे, ठेवी, परत उचले. शेवटी नेहमीचाच घेई, पण बघणं बाकी ठेवत नसे. मग कासार तिचा हात हातात घेई. भाकरी थापून घट्ट झालेला पंजा. अंगठ्याच्या मुळाशी हाड आडवं येई. तो बोटं जुळवून, हलक्या हातानं दाबत, काकण पुढं सरकवत म्हणे, "हात सैल सोडा, वहिनी. सोडा सैल." दिवसभरात आईला हात सैल सोडायला सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. काकणं चढली की ती मनगट उगाच दोनदा हलवून पाही. तेवढी किणकिण तिची खासगी.

वर्षातलं सगळ्यात मोठं निमित्त मिरजेचं. मीरासाहेबांच्या उरुसात दर्ग्याच्या आवारात, चिंचेच्या झाडाखाली, गाणं होतं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले; 1937 साली ते गेल्यावर ह्याच आवारात त्यांना माती दिली गेली. तेव्हापासून लहानथोर गवई त्यांच्या आठवणीनं इथं हजेरी लावून जातात. खाँसाहेबांची लेक हिराबाई बडोदेकर मिरजेत जन्मलेल्या, 1905 च्या. बाईमाणसानं जाहीर मैफलीत बसून प्रतिष्ठेनं गावं ही वाट त्यांनी रुंद केली. आईनं गाणं शिकलेलं नव्हतं. पण ऐकायचा कान होता, आणि शेजारच्या काकू सोबतीला होत्या. दोघी एका सतरंजीवर, अंगाभोवती शाल, डब्यात दशम्या, अशा पहाटेपर्यंत बसून येत. घरी सांगितलेलं निमित्त एकच: नवस आहे.

नवस कसला, हे बाबांनी एकदा विचारलं. "सांगितला तर फळत नाही," आई म्हणाली. विषय संपला. सकाळी पहिल्या बसनं आलेली आई डोळे तांबरलेले असतानाही आंघोळ करून कणीक मळायला बसे, आणि त्या दिवशीच्या पोळ्या जरा लयीत लाटल्या जात. रात्रीच्या भैरवीचा अंमल दुपारपर्यंत टिकायचा. तेवढ्या वेळात आमच्यापैकी कुणी दूध सांडलं तरी मार बसत नसे.

आता कुणी म्हणेल, काय गोड होतं सगळं. मला तसं म्हणवत नाही. गोड होतं ते आईचं डोकं. परिस्थिती गोड नव्हती. कारण त्याच घरात बाबांचीही सुखं होती आणि त्यांना कसलंच निमित्त लागत नसे. पेपर उघडला की तो तोंडापुढून तासभर हलत नसे. रविवारी दुपारी झोप. जेवण झाल्यावर कोपऱ्यावरच्या टपरीवर पान. पत्त्यांचा डाव लांबला तर जेवण झाकून ठेवलेलं. बाबा कुठं निघाले हे आजीनं विचारलं तर ते म्हणत, "जरा बाहेर." दोन शब्दांत काम भागे. आईला बाहेर पडायला गणपतीचं दर्शन लागे, संकष्टी लागे, आजारी नातलग लागे. बाबा भले गृहस्थ होते, त्यांनी आईला कधी नाही म्हटलं नाही. पण नाही म्हणायचा हक्क ज्याच्याकडं असतो, त्याच्याकडून हो मिळवायलाही कारण द्यावं लागतं.

हा फरक केवळ आमच्या घरचा किंवा त्या काळचाही नाही. सरकारनं 2024 साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका रोज सरासरी 289 मिनिटं त्यात घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष 88 मिनिटं, असं त्यात निघालं. ह्या मिनिटांत बेरीचं पातेलं कोणत्या रकान्यात गेलं असेल? घरकामातच. गवार मोडणंही घरकामातच. आईचा विरंगुळा कुठल्याच पाहणीला सापडला नसता, कारण तो तिनं सापडण्यासाठी ठेवलाच नव्हता.

माझ्या पिढीचं मला वाटे की आम्ही ह्यातून सुटलो. पगार आमच्या खात्यात येतो, दाराची किल्ली आमच्या पर्समध्ये असते. पण मैत्रिणींचं बोलणं नीट ऐकलं की तीच निमित्तं नवे कपडे घालून भेटतात. साडी घेतली, कारण सेल होता. पार्लरला गेले, कारण पुढच्या आठवड्यात लग्न आहे. संध्याकाळी तिघीजणी कृष्णेच्या घाटावर जातात, येताना भेळ खातात, तासभर हसतात, आणि घरी सांगतात की डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. स्वतःचे लाड करा म्हणणाऱ्या जाहिरातीसुद्धा हळूच पुढं जोडतात की तुम्ही ताज्यातवान्या राहिलात तरच घरच्यांची काळजी नीट घ्याल. म्हणजे तेलाची मालिशही शेवटी कुटुंबाच्याच खाती. आईचं निमित्त निदान तिनं स्वतः घडवलेलं, अस्सल असे. आमचं दुकानातून तयार येतं.

आई आता पंचाहत्तरी ओलांडून बसली आहे. आजी नाही, बाबा नाहीत, विचारणारं कुणी उरलेलं नाही. तरी सवय सुटत नाही. दुपारचा दुसरा चहा ती अजून "दूध उरलं होतं" म्हणून करते. तेल लावून घेते ते "बाटली संपवायची होती" म्हणून.

गेल्या सुट्टीत माझी लेक आजीजवळ बसून नखं रंगवत होती. गडद जांभळा रंग, वर काहीतरी चकचकीत. आईनं चष्मा पुढं ओढून पाहिलं.

"कुठं जायचंय का?"

"नाही."

"मग कुणी येणारंय?"

"नाही गं आजी."

"मग कशाला?"

"आवडतं म्हणून."

आई गप्प बसली. लेकीनं दुसऱ्या हाताची नखं घेतली. थोड्या वेळानं आईनं आपला हात चादरीवर तिच्यापुढं ठेवला. मी दारातच होते. आता निमित्त येईल म्हणून वाट पाहिली: रंग वाळून जाईल, बाटली उघडलीच आहे, नख चिरलंय तेवढं झाकेल. ह्यातलं काहीच आलं नाही.

"हा जांभळा नको," आई म्हणाली. "लाल आहे का बघ. आणि नीट लाव, घाई करू नकोस."