गळतं खातं

घरातल्या बऱ्याच वस्तू बिघडतात त्या एकदम. पंखा थांबतो, दिवा जातो, विषय संपतो. संडासातल्या फ्लशच्या टाकीचं तसं नाही. तिची तक्रार पेन्शनराच्या तक्रारीसारखी असते. आवाज बारीक, पण अखंड.

आमची टाकी गळू लागली ती ऐन वैशाखात. मालवणचं पाण्याचं गणित परगावच्या माणसाला सुटत नाही. पावसाळ्यात इथे पाऊस धो धो कोसळतो आणि वैशाखात बाव तळ दाखवते. खालचा जांभा दगड म्हणजे चाळणी. पाणी घेतो, पण धरून ठेवत नाही. समोर सबंध अरबी समुद्र, तो नुसता बघायला! सिंधुदुर्ग किल्ल्यात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. नावं दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. पाण्याला अशी नावं तहान माहीत असलेला माणूसच देतो.

टाकीच्या झिरझिरीनं आईची झोप उडाली. उभा जन्म तिनं बावीतून कळशा ओढल्या. म्हणाली, "ता पाणी गळता तेव्हा माझे हात दुखतत रे."

नळवाल्याला निरोप धाडला. "उद्या येतंय," म्हणाला. आमच्याकडचा 'उद्या' म्हणजे मुदत नसलेली मुदत ठेव.

शेवटी मीच हिशेबाला बसलो. टाकी म्हणजे तरी काय, चालू खातंच! वरचा फ्लोट पाण्याबरोबर चढतो आणि ठरल्या पातळीला जमा बंद करतो. तळाचा रबरी वायसर, आपण बटण दाबेपर्यंत, खर्च अडवतो. पाणी ओव्हरफ्लोच्या नळीच्या खालीच होतं, म्हणजे फ्लोट निर्दोष. राहिला वायसर. पुराव्यासाठी टाकीत रंग घालायचा आणि फ्लश न करता वाट बघायची. घरात रंग एकच, कोकमाचं आगळ.

"अहो, सोलकढीचं आगळ संडासात?" सौ. किंचाळली.

अर्ध्या तासात भांडं गुलाबी झालं. मग कॉक बंद करून तासाभराची तूट मापानं भरून पाहिली. एक लिटर! म्हणजे दिवसाला २४, महिन्याला ७२०. सही नाही, व्हाउचर नाही, आणि रक्कम चालली!

कॉक बंद ठेवून टाकी रिकामी केली, आतला व्हॉल्व्ह फिरवून बाहेर काढला. वायसर चपलेच्या टाचेसारखा कडक, वर गाळाची साय. तोच नमुना घेऊन बाजारात गेलो, तसाच नवा आणला, बसवला. टाकी भरली आणि गप्प झाली.

मध्यरात्री बघतो तर आई अंथरुणात उठून बसलेली.

"काय झाला गो आये?"

"आवाज येणा नाय रे. बावीतला पाणी संपला नाय मां?"