बिऱ्हाड पाठीवर, हिशेब आधी

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण फिरतीच्या नोकरीतल्या माणसाला थट्टेने म्हणतो. इंग्रज मात्र हेच बिऱ्हाड हौसेने मोटारीच्या मागे जोडतो आणि सुटी लागली की बायकामुलांसह गावोगाव हिंडतो. या चाकांवरच्या घराला तिकडे ‘कॅरॅव्हॅन’ म्हणतात. आत पलंग, शेगडी, मोरी, कपाटे, सारे काही. फक्त इंजिन नाही. ते पुढच्या मोटारीचे.

ही हौस जुनी आहे. १८८५ साली नौदलातून निवृत्त झालेले डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स यांनी ‘वाँडरर’ नावाची ऐसपैस गाडी बांधून घेतली आणि ते थेट स्कॉटलंडपर्यंत हिंडून आले. गाडी ओढायला दोन घोडे होते. पुढे मोटारी आल्या. १९१९ साली बर्मिंगहॅमच्या एक्लिस कंपनीने मोटारीमागे जोडायच्या कॅरॅव्हॅन विकायला काढल्या. पण ही चैन मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली ती दुसऱ्या महायुद्धानंतर सॅम अल्पर या गृहस्थाने. त्याच्या ‘स्प्राइट’ गाड्या हलक्या, स्वस्त आणि लहान मोटारीला पेलतील अशा होत्या. त्याची युक्ती एकच: घर मोटारीच्या मापाचे बेतायचे.

ही साधी गोष्ट दुकानात मात्र विसरायला होते. लेस्टरला राहणारा माझा भाचा कॅरॅव्हॅन घ्यायला निघाला तेव्हा मीही बरोबर होतो. माझ्या भाचेसुनेच्या मनात एक मोठी गाडी भरली. स्वतंत्र न्हाणीघर, मागे दोन मुलांचे पलंग, स्वयंपाकाला हातभर ओटा. विक्रेता म्हणाला, “तुमच्या मोटारीचे इंजिन ती सहज ओढील.” “मामा, तुम्हीच सांगा ह्यांना,” असे म्हणून भाचेसूनबाईंनी मला पंच नेमले.

इंजिन ओढील, यात शंका नव्हती. प्रश्न होता आवरण्याचा. उतारावर, वळणावर, सोसाट्याच्या वाऱ्यात मागचे घर पुढच्या मोटारीला ढकलू लागले, तर मोटारीने त्याला धाक घालायला हवा. म्हणून नवशिक्याने भरलेल्या कॅरॅव्हॅनचे वजन रिकाम्या मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांवर जाऊ देऊ नये, असे तिकडचे जाणकार सांगतात. हा कायदा नव्हे, शहाणपण आहे. मोटार बनविणाऱ्याने घातलेली ओढण्याची मर्यादा मात्र ओलांडता येत नाही. काही मोटारींना तर काहीच ओढण्याची परवानगी नसते; तेव्हा मोटारीचे कागद आधी वाचावे, कॅरॅव्हॅनचे रंगीत माहितीपत्रक नंतर.

भाच्याच्या मोटारीचे वजन १३५० किलो. त्याचे ८५ टक्के म्हणजे सुमारे ११५० किलो. मोठ्या गाडीचे भरलेले वजन नेमके १३५०! कंपनीची मर्यादा १४०० किलोची होती, म्हणजे कायद्याने आडकाठी नव्हती. पण मोटार आणि घर तोडीस तोड झाले असते.

दुसरा हिशेब आपल्या बैलगाडीवाल्याला सांगावा लागत नाही. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. पुढे जास्त झाला की बैलांच्या माना दबतात. कॅरॅव्हॅनचेही तेच. तिच्या वजनाचा पाच ते सात टक्के भार मोटारीमागच्या जोडावर पडावा. भाच्याच्या मोटारीचा जोड ७५ किलो भार सोसणारा. मोठ्या गाडीचा भार ९४ किलोंपर्यंत जाता. १०५० किलोंच्या एका लहान गाडीचा मात्र ५२ ते ७३ किलोंत बसत होता.

तिसरा हिशेब गृहिणीचा. त्या लहान गाडीचे रिकामे वजन ९०० किलो, म्हणजे सामानाला १५० किलो. दारापुढचा तंबू २०, गॅसची टाकी १५, बॅटरी २० आणि गाडी जागेवर हलविण्याचे विजेचे यंत्र ३०. उरले ६५ किलो. त्यात चौघांचे कपडे, अंथरुणे, भांडी आणि शिधा! भाचेसूनबाईंनी कागद पुढे ओढला. लोखंडी तवा राहिला, पितळी डबे गेले, पाण्याच्या टाक्या मुक्कामावर भरायच्या ठरल्या. न्हाणीघराचा हट्टही त्यांनीच सोडला. मुक्कामाच्या जागी आंघोळीची सोय असतेच. लहान गाडी घेतली.

त्या हिशेबाची किंमत मला एम-वन या हमरस्त्यावर कळली. आम्ही डर्बीशरच्या डोंगरांकडे निघालो होतो. मुले मोटारीतच, चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये बसायला तिकडे बंदी आहे. एक भलामोठा ट्रक शेजारून पुढे गेला. त्याच्या वाऱ्याने मागचे घर हलकेच डोलले आणि मोटारीला हिसका बसला. अशा वेळी ब्रेक दाबायचा नाही, चाक गरगर फिरवायचे नाही; फक्त वेग सोडायचा. भाच्याने तेच केले. दोन डोलांत गाडी सरळ झाली. भार मागे असता किंवा घर मोटारीएवढेच जड असते, तर तोच डोल वाढत जाऊन दोन्ही गाड्या आडव्या होण्याची भीती. सूनबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त मागे वळून मुलांकडे पाहिले.

कॅसलटन गावाजवळ मुक्काम टाकला. समोर मॅम टॉरचा डोंगर. त्याच्या सरकत्या दरडीपायी खालचा जुना रस्ता १९७९ साली कायमचा बंद झाला. आता पश्चिमेला जायचे तर विनॅट्सची खिंड. दोन्ही बाजूंना चुनखडीचे कडे, मधून अरुंद, उभा चढ. मोटारीने निदान १२ टक्के चढावर थांबून ओझ्यासकट पुन्हा निघावे, या कसोटीवर ओढण्याची मर्यादा ठरते. विनॅट्सचा चढ त्याहून कितीतरी खडा आहे. तेव्हा घर कुरणात सोडले आणि मोकळ्या मोटारीने खिंड चढलो. मागे जोडलेल्या घराचा हाच मोठा गुण: हवे तेव्हा ते मागे ठेवता येते.

तुमची मुलेबाळे परदेशी असतील आणि अशी गाडी घ्यायचे म्हणत असतील, तर त्यांना एवढेच कळवा: घर निवडताना आत किती माणसे झोपतील हे जरूर पाहा; पण त्याआधी पुढचा बैल कितीचा आहे ते पाहा. कोंड्याचा मांडा करणाऱ्या आपल्या बायकांना थोडक्या जागेत संसार थाटायला कोणी शिकवायला नको.