एक घर, दोन मीटर

हाऊस हॅकिंग! नाव ऐकून वाटतं, कुणीतरी लॅपटॉप उघडून आपल्या घराचं कुलूप तोडतंय. पण फंडा एकदम देशी आहे. आपल्याच घरात राहायचं, जास्तीच्या खोल्या भाड्याने द्यायच्या आणि त्या भाड्यातून कर्जाचा हप्ता हलका करायचा. पुण्यातल्या वाड्यांचे मालक पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. त्यांना फक्त हे स्टायलिश नाव माहीत नव्हतं.

आमचं घर आष्टीत, तालुका परतूर, जिल्हा जालना. बाबा गेल्यावर आई एकटी पडली. माझं ऑफिस तसंही एका बॅगेत मावतं, म्हणून मी पुण्याहून इकडे आलो. घराच्या दुरुस्तीसाठी कर्ज काढलं. पुढच्या दोन खोल्या रिकाम्याच होत्या. बदलीवर आलेले एक शिक्षक घर शोधत होते. सोबत बायको आणि चार वर्षांची मुलगी. चहावर भाडं ठरलं. चावी देण्याआधी तीन कामं होती: लाइट, पाणी आणि पत्ता.

‘‘दुसरं मीटर घेऊ,’’ मी म्हटलं. आई गप्प. मग म्हणाली, ‘‘एका घराला दोन मीटर म्हंजे लोक काय म्हणतील?’’

तिचं टेन्शन खोटं नव्हतं. गावात आधी चूल वेगळी होते, मग मीटर. दुसरं मीटर दिसलं की लोक समजतात, भावाभावांत वाटण्या झाल्या. माझा भाऊ पुण्याला असतो आणि आमचं दोघांचं मस्त चाललंय. पण हे गल्लीतल्या प्रत्येकाला कुठे सांगत बसणार? आईचा तोडगा सोपा होता: आतल्या आत एक छोटं मीटर लावायचं आणि महिन्याला युनिटचे पैसे घ्यायचे.

मग मी तिला लाइट बिलाचा हिशोब दाखवला. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. पहिली १०० युनिट सगळ्यात स्वस्त, १०१ ते ३०० चा दर बराच चढा. समजा दोन्ही घरांनी महिन्याला ९०-९० युनिट वापरली. मीटर वेगळी असतील तर दोन्ही घरं स्वस्त टप्प्यात. मीटर एकच असेल तर युनिट होतात १८०, आणि त्यातली ८० महाग दराने. ही जादाची रक्कम कुणी भरायची? आम्ही की सरांनी? दर महिन्याला तोच वाद! दुसऱ्या मीटरचा स्थिर आकार वेगळा भरावा लागतो, हे खरं. पण भांडणापेक्षा तो परवडतो.

खरा मुद्दा मात्र पैशांच्या पलीकडचा होता. मीटर एक असलं की मेन स्विच घरमालकाच्या हातात राहतो. आज आमचं चांगलं आहे. उद्या काही बिनसलं तर? भाडेकरूचं पाणी किंवा वीज विनाकारण तोडू नये, म्हणून १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात कलम २९ घालावं लागलं. म्हणजे हे कुठेतरी घडत असणारच. लहान मुलीचा पंखा आपल्या मूडवर चालावा, हे मला पटेना. आईलाही पटलं नाही.

कागदपत्रांची गंमत पुढेच. बिल अजून आजोबांच्या नावावर! त्यामुळे आधी नाव बदलण्याचा अर्ज, त्याला ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि भावाची संमती. मग पुढच्या खोल्यांचं वायरिंग पूर्ण वेगळं केलं, परवानाधारक ठेकेदाराकडून टेस्ट रिपोर्ट घेतला आणि अनामत भरली. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे जागेचा मालकच नाही, तर तिथे राहणारासुद्धा कनेक्शन मागू शकतो. आम्ही ते माझ्याच नावावर घेतलं. बारा आकडी ग्राहक क्रमांक सरांकडे दिला. बिल ते परस्पर भरतात.

पाण्याचं मीटरबिटर काही नाही. नळ एकच, आणि तो रोज येत नाही. म्हणून दोन टाक्या बसवल्या, पाइप असा जोडला की पाणी आलं की दोन्ही बरोबर भरतात. बोअरची मोटर आमच्या मीटरवर. तिचा खर्च भाड्यात धरला आणि करारात तसं लिहिलं. सरांचं गॅस कनेक्शन बदलून येईपर्यंत पाच किलोचा छोटा सिलिंडर कामी आला. तो ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा मागत नाहीत.

आणि पत्ता! महाराष्ट्रात आष्टी किती आहेत? बीड जिल्ह्यात एक, तिथे २०२२ साली रेल्वेही पोचली. वर्धा जिल्ह्यात एक, १९४२ च्या हुतात्म्यांची. आणि आमची एक, जिचं स्टेशन परतूर. सरांच्या मुलीचं दप्तर एका कुरियरवाल्याने थेट बीडच्या आष्टीला फिरवून आणलं. पिनकोडची कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाची, १९७२ सालची. नावं सारखी असलेल्या गावांचा गोंधळ मिटावा हाही तिचा एक हेतू. आता तालुका, जिल्हा आणि पिन आम्ही ठळक लिहितो, शिवाय सरांसाठी ‘पुढचं दार’ आणि आमच्यासाठी ‘मागचं दार’. टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन साधारण चार बाय चार मीटरच्या चौकोनाला एक कोड देतो. आमचं घर लांबुळकं, त्यामुळे दोन्ही दारांचे कोड वेगळे निघाले. सही ना?

भाडेकरार मात्र नोंदवलाच. त्यावर सरांच्या आधारवरचा पत्ता बदलला. बाहेरगावाहून आलेल्या माणसाला बँक, गॅस, शाळा, सगळीकडे आधी हाच कागद लागतो. आपण चावी देतो तेव्हा खोल्या मिळतात. गावात आपलं असं घर मिळतं ते या कागदांनी.

तुमच्याही गावी खोल्या कुलूपबंद असतील, तर पुढच्या सुट्टीत आधी लाइट बिलावरचं नाव बघा. तिथून सुरुवात करा.

शेजारच्या काकूंनी विचारायचं ते विचारलंच, ‘‘वाटण्या झाल्या का काय ओ?’’

आई म्हणाली, ‘‘छे! आमच्यात एक घर वाढलंय.’’