अँटेना, आखात आणि वाट चुकलेल्या लहरी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत बसवलेल्या एका रडारवर काही मोसमांत भलतेच प्रतिध्वनी उमटायचे. रडार सुमारे २०० मेगाहर्ट्‌झवर चालणारं. समोर विमान नाही, जहाज नाही. त्या लहरी समुद्रापलीकडे हजार मैलांहून दूर असलेल्या अरबस्तानच्या किनाऱ्यावर आपटून परत येत होत्या. पृथ्वीची गोलाई पाहता त्या तिथवर पोचायलाच नको होत्या. युद्धानंतर रेडिओलहरींच्या प्रवासावर जे ग्रंथ निघाले, त्यांत मुंबईचं हे उदाहरण नोंदलं गेलं. समुद्रावरच्या हवेची ही करामत समजून घेतल्याशिवाय कुवेतमधल्या शुऐब्यात अँटेना घेऊन गच्चीवर चढण्यात अर्थ नाही, असं माझं ठाम मत आहे.

शुऐबा कुवेत शहराच्या दक्षिणेला, आखाताच्या काठावर आहे. बंदर, वीजकेंद्रं, खारं पाणी गोडं करणारे प्रकल्प, पेट्रोकेमिकल कारखाने ही त्याची ओळख. १९६८ मध्ये सुरू झालेला इथला तेलशुद्धीकरण कारखाना २०१७ मध्ये बंद झाला. या पट्ट्यात नोकरी करणारी मराठी माणसं मंगफ, फहाहील, महबूला, अबू हलीफा अशा शेजारच्या वस्त्यांत राहतात. तिथल्या गच्च्यांवर डिशचं रान माजलेलं असतं. पण डिश आकाशातल्या उपग्रहाकडे तोंड करते, तिला जमिनीवरच्या हवेचा फारसा त्रास नाही. मनोऱ्यावरून येणारं चित्र घरच्या अँटेनाने पकडायचं असेल, तर खेळ वेगळा.

आपल्या पिढीला अँटेनाचे धडे मिळाले ते मुंबई-पुण्यात. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि वरळीचा ३०० मीटरचा मनोरा घराघरांतल्या अँटेनांचा ध्रुवतारा झाला. एकजण गच्चीवर दांडा फिरवतोय, दुसरा जिन्यात, तिसरा टीव्हीसमोर. "आलं का?" "आलं, आलं... गेलं! थोडं मागे घ्या!" पडद्यावर मुंग्या दिसल्या की सिग्नल कमी, हे शेंबड्या पोरालाही कळायचं. उपायही ठरलेला होता. दांडा उंच करा, काड्या वाढवा, नाहीतर बूस्टर लावा.

तिथे तो उपाय बरोबरच होता. मनोरा आणि अँटेना यांच्या उंचीची, मीटरमधली, वर्गमुळं घ्यायची, त्यांची बेरीज करायची आणि ४.१२ ने गुणायचं, की रेडिओ क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. वरळीचा मनोरा आणि १६ मीटर उंचीची गच्ची धरली तर उत्तर येतं सुमारे ८८ किलोमीटर. पुणं त्याच्या पलीकडे, शिवाय मध्ये सह्याद्री. म्हणून तर मुंबईपाठोपाठ सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभारावं लागलं.

शुऐब्यात मात्र रड सिग्नल कमी पडण्याची नाही. कुवेत शहर तिथून सरळ रेषेत साधारण ४० किलोमीटर, मध्ये डोंगर नाही, टेकडी नाही. कुवेतचं दूरचित्रवाणी १५ नोव्हेंबर १९६१ ला सुरू झालं, आणि अशा सपाट मुलुखात चांगल्या मनोऱ्यावरून निघालेली लहर गच्चीपर्यंत बिनबोभाट पोचते. अडचण आहे ती न बोलावता येणाऱ्या पाहुण्यांची, म्हणजे दूरच्या देशांतल्या केंद्रांच्या सिग्नलची.

उन्हाळ्यात वाळवंटावरून तापलेली, कोरडी हवा आखातावर सरकते. पाण्यालगतचा थर मात्र तुलनेने थंड आणि बाष्पाने जड असतो. या दोन थरांच्या सांध्यावर हवेचा वक्रीभवनांक उंचीबरोबर झपाट्याने घटतो. एरवी ही घट किलोमीटरला ४० एककांच्या आसपास असते (एक एकक म्हणजे वक्रीभवनांकातला दहा लाखावा भाग). ती १५७ च्या पुढे गेली की लहर पृथ्वीच्या गोलाईपेक्षाही जास्त वाकते आणि समुद्र व वरचा थर यांच्यामधल्या बोगद्यात अडकून शेकडो किलोमीटर जाते. हा प्रकार इतका नेमाने घडतो की आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने अशा उष्ण समुद्रांसाठी अतिवक्रीभवनाचे वेगळे आलेख काढले. डिजिटल प्रक्षेपणाच्या वाहिन्या वाटून देणाऱ्या २००६ च्या जिनिव्हा करारात युरोप-आफ्रिका-अरब देशांच्या बरोबरीने इराणला घेतलं गेलं. आखाताच्या एका काठाला सोडून दुसऱ्याचं नियोजन करणं अवघडच होतं.

जुन्या अ‍ॅनालॉग काळात या बोगद्याची मजा वाटायची. मुंबईच्या किनाऱ्यावरही उन्हाळ्यात कधीमधी टीव्हीवर कराची केंद्र दिसायचं. डिजिटलमध्ये ती मजा संपली. आपल्याच वाहिनीच्या वारंवारतेवर दुसऱ्या देशाचं केंद्र आलं की दोन चित्रं एकमेकांत मिसळलेली दिसत नाहीत. चित्र थिजतं, चौकटी फुटतात, आवाज तुटतो आणि पडदा काळा होतो. हवा तो सिग्नल नको त्या सिग्नलपेक्षा साधारण वीसेक डेसिबल, म्हणजे शंभरपट, वरचढ असला की काम भागतं. अशा वेळी बूस्टर लावणारा माणूस दोन्ही सिग्नल सारखेच मोठे करतो. प्रमाण होतं तेवढंच राहतं आणि खिशाला चाट बसते ती निराळीच.

म्हणून आधी नकाशा घ्यावा. शुऐब्याहून कुवेत शहर उत्तर-वायव्येला आहे. बूशहर, म्हणजे इराणचा किनारा, जवळजवळ सरळ पूर्वेला, पाण्यावरून अडीचशेहून थोडं जास्त किलोमीटर. दम्माम आणि बहारीन आग्नेयेला, साडेतीनशे-चारशे किलोमीटरवर. कुवेतकडे तोंड केलेल्या अँटेनाच्या दृष्टीने बहारीन पाठीशी येतं आणि बूशहर बगलेला.

याच ठिकाणी यागी-उदा अँटेना कामाला येतो. आडव्या दांड्यावर काड्या बसवलेला, माशाच्या काट्यासारखा दिसणारा तो आपला ओळखीचा अँटेना. जपानमधल्या सेंदाई इथे १९२६ च्या सुमारास शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी तो जगापुढे मांडला. प्रत्यक्ष प्रयोगांचा बराचसा भार उदांचा, पण नाव रूढ झालं यागींचं. हेच उदा १९५५ ते ५८ या काळात युनेस्कोतर्फे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत काम करत होते. आपल्याकडच्या प्रत्येक गच्चीवर त्यांची खूण होती, तेव्हा त्यांचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत नीट यायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

दुकानात सगळे विचारतात, "गेन किती?" म्हणजे समोरचा सिग्नल किती खेचतो? शुऐब्यात विचारायचा प्रश्न वेगळा: पाठीमागून येणारं हा किती अडवतो? समोरच्या आणि मागच्या ग्रहणात २० डेसिबलहून जास्त फरक असलेला अँटेना बहारीनला बऱ्यापैकी गप्प करतो. बगलेच्या दिशेला यागीचं ग्रहण मुळातच खूप कमी असतं, त्यामुळे बूशहरचाही जोर ओसरतो. दुसरा उपाय मुंबईकराला उफराटा वाटेल. अँटेना उंच चढवायचा नाही. इमारतीच्या उत्तरेच्या अंगाला, कठड्याच्या जरा खाली बसवायचा. कुवेतकडची बाजू मोकळी राहते आणि जिन्याची खोली, पाण्याची टाकी, सगळी काँक्रीटची भिंत दक्षिणेकडून येणाऱ्या लहरींना आड येते. थोडा हवा तो सिग्नल गेला तरी चालेल, तो इथे भरपूर आहे.

गंजाकडे मात्र रोज लक्ष हवं. समुद्राचं मीठ, कारखान्यांची हवा आणि धूळ यांचा थर जोडावर बसतो, रात्रीच्या दमटपणात ओला होतो. अ‍ॅल्युमिनियमच्या काडीला लोखंडी स्क्रू लावला असेल तर त्या ओल्या मिठात दोन धातूंची छोटी बॅटरीच तयार होते आणि अ‍ॅल्युमिनियम पांढरी पूड होऊन झडू लागतं. स्क्रू स्टेनलेस स्टीलचा घ्यावा, जोडाला ग्रीस लावावं. केबलच्या टोकाचा एफ कनेक्टर घट्ट बसवून त्यावर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी, आणि केबल घरात शिरण्याआधी तिला खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी झोलाच्या टोकावरून गळून पडतं. कनेक्टर उघडल्यावर तांब्याची तार हिरवट-काळी दिसली तर तेवढा तुकडा कापूनच टाकावा. तार घासून चकचकीत केली तरी केबलच्या आतल्या तारांच्या जाळीत शिरलेलं पाणी बाहेर निघत नाही.

२० मीटर आरजी-६ या नेहमीच्या टीव्ही केबलमध्ये यूएचएफ पट्ट्यातल्या टीव्ही वाहिन्यांचा सिग्नल साडेतीन-चार डेसिबलने घटतो, म्हणजे निम्म्याहून जास्त शक्ती वाटेतच जाते. केबल याहून लांब असेल तरच बूस्टरचा विचार करावा. तो टीव्हीमागे नको, अँटेनाजवळ हवा, आणि त्याच्याआधी मोबाइलच्या लहरी गाळणारा फिल्टर हवा.

सगळं बसवून झालं की तपासणी जानेवारीच्या दुपारी करून समाधान मानू नये. जून ते ऑगस्टमधल्या एखाद्या दमट, वारा पडलेल्या रात्री टीव्हीच्या मेनूमध्ये जाऊन सिग्नलची ताकद आणि दर्जा हे दोन्ही आकडे पाहावेत. ताकद वाढलेली आणि दर्जा घसरलेला दिसला तर पाहुणा आला आहे, अँटेना थोडा फिरवून तो कुठल्या बाजूने येतो ते शोधता येतं. एकच दिशा अशी आहे जिथे घरमालकाचं काही चालत नाही. बसरा शुऐब्याहून दीडशेपेक्षा थोड्या जास्त किलोमीटरवर, कुवेत शहराच्या जवळजवळ मागेच आहे. दोन दिशांमधला कोन दहा-बारा अंशांचा, आणि घरगुती यागीची झोत-रुंदी, म्हणजे तो ज्या कोनातून सिग्नल नीट टिपतो तो कोन, त्याच्या दोन-तीनपट. तिथला हस्तक्षेप टाळायचा तर दोन्ही देशांच्या अभियंत्यांनी वाहिन्याच वेगवेगळ्या ठेवायला हव्यात.