चिकटणे आणि धरून राहणे

वसईच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला होडीतले सारे काही कळते, असा माझा जुना समज होता. तो समुद्रापासून फार दूर, तेरणेच्या काठी गळून पडला.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर मी मदतकार्यासाठी तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात गेलो होतो. मुक्काम सास्तूरजवळ होता. जवळच माकणीला निम्न तेरणा प्रकल्पाचे धरण. तेथे मासेमारी करणाऱ्या एका भोई कुटुंबाचे घर पडले होते. उरली होती ती अ‍ॅल्युमिनियमची एक जुनी होडी. तिच्याही तळाचे रिव्हेट सैल झाले होते, पत्र्याला चीर गेली होती.

“मामा, काळजी सोडा,” मी म्हणालो. लाकडी होडीवर फायबर चढविताना मी पाहिले होते. सोलापूरहून पॉलिस्टर रेझिन, हार्डनर आणि काचतंतूंची चटई आणली. तळ पुसला, थोडा घासला आणि लेप चढविला. दुसऱ्या दिवशी तो दगडासारखा कठीण झाला. मी मनोमन सुखावलो.

तीन आठवड्यांनी भर पाण्यात तो लेप सुटला. होडीत मामा आणि त्यांचा बारा वर्षांचा मुलगा होता. मुलगा डब्याने पाणी उपसत राहिला, म्हणून दोघे काठाला लागले. मामांनी लेपाची कड धरून ओढली. भाकरीचा पापुद्रा निघावा तसा तो अख्खा हाती आला.

“सर, वरून चिटकलं म्हंजी धरलं आसं नसतंय,” एवढेच ते म्हणाले.

पुढे एका जाणत्या मिस्त्रीने कारण उलगडून सांगितले. अ‍ॅल्युमिनियमला हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो. तोच त्याला गंजण्यापासून वाचवतो. पण लेपाला तो पक्की पकड घेऊ देत नाही. घासून काढला, तरी क्षणात पुन्हा येतो. शिवाय पॉलिस्टर रेझिन धातूला नीट धरत नाही. तेथे इपॉक्सीच हवे.

मग आम्ही नव्याने आरंभ केला. सैल रिव्हेट काढून नवे ठोकले. चीर पुढे वाढू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना बारीक भोके पाडली. तेलकटपणा धुऊन पत्रा पूर्ण कोरडा केला. त्यावर इपॉक्सी ओतले आणि त्या ओल्या थरातच पत्रा पॉलिशपेपरने घासला, म्हणजे उघड्या पडलेल्या धातूला हवा लागायला नको. लगेच वर काचतंतूंचे कापड बसविले.

होडी पाण्यात लोटताना मामा हसून म्हणाले, “आता पहिल्यांदा तुमी बसा.”

मी बसलो. धरणाच्या मध्यावर पोहोचल्यावर हळूच तळाला हात लावून पाहिला. तो कोरडा होता. त्या संकटकाळात आम्ही बाहेरून आलेल्यांनी गावोगावी पुष्कळ काही दिले. त्यातले वरवर चिकटलेले किती आणि धरून राहिलेले किती, हा प्रश्न मात्र त्या दिवसापासून माझ्या मनात आहे.